गच्चीची चूक

परीक्षा खात्यात साहेबांनी तीस वर्षं नोकरी केली आणि एकदाही ते उशिरा पोचले नाहीत. हे कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. विचारलं तर दोनदा सांगत. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना चावीचं मनगटी घड्याळ दिलं आणि त्याच्या पाठीवर 'वक्तशीरपणास सादर' असं कोरून घेतलं. ऑफिसात लोक त्यांना मागून 'वेळापत्रक' म्हणायचे. हे साहेबांच्या कानावर आलं तेव्हा रागावायचं सोडून ते आठवडाभर खुशीत होते.

खरी गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि साहेबांचं लग्न त्याच माणसाशी झालेलं होतं. लग्नानंतर महिनाभरातच बाईंच्या लक्षात आलं होतं, की आपल्या नवऱ्याला वेळेचं काडीचं भान नाही. दहाला निघायचं असेल तर हा माणूस बरोबर दहाला मोजे शोधायला लागतो, आणि मोजे सापडले की त्याला दाढी आठवते. बोलून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. मग एके दिवशी बाई स्टुलावर चढल्या आणि दिवाणखान्यातलं घड्याळ त्यांनी बारा मिनिटं पुढे केलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोकरीच्या पहिल्याच दिवशी, साहेब ऑफिसात वेळेवर पोचले आणि आपण किती वक्तशीर आहोत याचा शोध त्यांना लागला.

तसा बाईंचा या कामात हात बसलेलाच होता. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगायचा आणि कपडे शुक्रवारी द्यायचे, हा त्या धंद्याचा धर्मच. नवऱ्याच्या बाबतीत तेवढं उलट्या बाजूने करायचं. पुढे मोबाईल आला. तो चालू करून द्यायचं काम बाईंकडेच आलं. वेळ आपोआप जुळवू की हाताने, असं त्याने विचारलं, आणि बाईंनी हाताने जुळवली.

त्यामुळे साहेबांना स्टेशनावरचं, बँकेतलं, दवाखान्यातलं, झाडून सगळी घड्याळं मागे दिसायची. "या शहरात एक घड्याळ धड नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे. साऱ्या गावाची घड्याळं एकजुटीने, अगदी सारख्याच अंतराने मागे कशी पडतात, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आपण बरोबर आहोत याची एकदा खात्री झाली, की माणसाला फारसे प्रश्न पडत नाहीत.

निवृत्तीनंतर लोक कुंड्यांना पाणी घालतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. साहेबांनी महासागर ओलांडायचं ठरवलं.

झालं असं, की बंदरावर जाळी विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक म्हातारा कप्तान वर्ग घ्यायचा. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर राहून आता त्याने एक शिडाची बोट बाळगली होती. सूर्य आणि तारे बघून भर समुद्रात आपण कुठे आहोत ते कसं काढायचं, हे तो शिकवायचा आणि वर्षातून एकदा दोघातिघा विद्यार्थ्यांना घेऊन समुद्रापार जायचा. तीन आठवडे जमिनीचं तोंड दिसत नाही. मोबाईल पहिल्याच दिवशी पत्र्याच्या डब्यात बंद करायचा. "तो बुडाला असं समजा," कप्तान म्हणायचा. "आता सांगा, कुठे आहात?" साहेब पहिल्या तासाला गेले आणि परत आले ते महासागराचे जावई होऊनच.

घरात सेक्स्टंट आला. पितळी, आरशांचा, लाकडी पेटीतला. त्यातून सूर्य बघायचा, तो आरशातून खाली आणून क्षितिजावर टेकवायचा, टेकला की ती वेळ टिपायची, आणि मग आकडेमोड. त्या आकडेमोडीला एक जाडजूड नाविक पंचांग लागे. साहेबांनी ते जेवणाच्या टेबलावर कायमचं मांडलं. जेवण आता स्वयंपाकघरात उभ्याने व्हायचं.

मग प्रवासाची तयारी सुरू झाली. अंडी टिकतात म्हणून साहेबांनी त्यांना व्हॅसलिन चोपडलं. एक अंडं उचलायला गेलं की ते हातातून निसटून फरशीवर जायचं, त्यामुळे टिकायचा प्रश्न उरला नाही. बोटीत पाणी शिरलं तर डब्यांवरची कागदी लेबलं सुटून पंपात अडकतात, असं कप्तानाने सांगितलं होतं. साहेबांनी घरातल्या झाडून सगळ्या डब्यांची लेबलं त्याच दिवशी सोलून काढली. नावं रंगाने नंतर लिहायची होती. रंग आणायला ते विसरले. मटार आहे की अननस, हे आता उघडल्यावर कळायचं. एका संध्याकाळी बाईंनी अननसाला फोडणी घातली आणि तो भाजी म्हणून वाढला.

"समुद्रावर असंच असतं," साहेब जेवताना म्हणाले.

"मग घरी कशाला करायचं?" बाई म्हणाल्या. "समुद्रावरच करा."

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. कारण साहेबांनी जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीन आठवडे, एवढीशी बोट, आणि त्यात मोजे न सापडणारा हा माणूस. त्यांना भीती वाटत होती, चक्क भीती, आणि ती सांगायची सवय त्यांना कुठल्याच वयात लागली नव्हती. बोटीवर झोपेत खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला जाड कापडाची पट्टी लावतात. ती शिवून द्यायला साहेबांनी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मंगळवारी देते." असे कितीतरी मंगळवार आले नि गेले. कापड तसंच घडी घातलेलं मशीनखाली पडून होतं.

एक आशा होती. कप्तानाचा नियम असा, की शेवटची परीक्षा प्रत्येकाच्या स्वतःच्या घरी. विद्यार्थ्याने स्वतःच्या घड्याळावर, स्वतःच्या गच्चीतून सूर्य बघायचा आणि नकाशावर आपलं घर कुठे आहे ते दाखवायचं. "ज्याला स्वतःचं घर सापडत नाही," कप्तान म्हणायचा, "त्याला मी घरापासून लांब नेत नाही."

आणि साहेबांना घर सापडत नव्हतं. बंदरावरच्या वर्गात कप्तान स्वतः वेळ पुकारायचा, तिथे त्यांचं सगळं ठीक यायचं. घरच्या गच्चीतून बघितलं की घर भर समुद्रात जायचं, पश्चिमेला तीन अंश. पुन्हा बघितलं, पुन्हा तीन अंश. भिंतीवरच्या नकाशात किनाऱ्यापासून दूर निळ्या पाण्यात पेन्सिलीचे एवढे ठिपके आणि त्यांच्यावरची एवढी खोडाखोड झाली, की तिथे एखादं बेट असावं असं वाटायला लागलं. साहेबांनी सेक्स्टंट पुसला, चष्मा बदलला, गच्चीची उंची टेपने मोजली. शेवटी त्यांनी गच्चीवरच्या लोखंडी टाकीकडे संशयाने पाहिलं.

"गच्चीतच काहीतरी दोष आहे," ते म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी गिळलं, कारण घर असंच समुद्रात राहिलं तर नवरा जमिनीवर राहणार होता.

एका सकाळी बाई दुकानात कापड बेतत होत्या आणि साहेब शेजारी बसून त्यांना ज्ञान देत होते. विषय नेहमीचाच, वेळेचं महत्त्व.

"उत्तर-दक्षिण किती, ते दुपारच्या सूर्यावरून कळतं. त्याला घड्याळ फारसं लागत नाही," साहेब म्हणाले. "पण पूर्व-पश्चिम म्हणजे सगळा घड्याळाचा खेळ. चार मिनिटं चूक झाली, की एक अंश गेला. घड्याळ पुढे असलं की माणूस पश्चिमेला भरकटतो. माणसं खडकावर जाऊन आपटली आहेत त्यापायी. आपल्याला ती काळजी नाही म्हणा." आणि त्यांनी मनगट जरासं पुढे केलं.

बाईंची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. चार मिनिटांना एक अंश. तर तीन अंशांना किती, याला शाळेत जायची गरज नव्हती. साहेब रोज सकाळी घड्याळाला चावी देत आणि दिवाणखान्यातल्या घड्याळाशी जुळवून घेत. साहेबांचं घर पाण्यात गेलं होतं ते टाकीमुळे नाही, स्टुलामुळे.

पहिल्यांदा बाईंना हसू आलं. मग त्यांनी ठरवलं, की गप्प बसायचं. आपण काही नवीन करायचंच नाही. साहेब नापास होतील, कप्तान नाही म्हणेल, चार दिवस फुगून बसतील आणि मग कुंड्यांना पाणी घालायला लागतील. यात पाप कसलं?

पण साहेब स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. दोनच दिवसांनी ते गच्चीवरून खाली आले ते जवळजवळ नाचतच.

"सापडली," ते म्हणाले. "गच्चीची चूक. दर वेळी बरोब्बर तीन अंश. म्हणजे उत्तर आलं की तीन अंश पूर्वेला सरकवायचं, की घर घराच्या जागी. चार वेळा करून बघितलं."

"आणि समुद्रावर?" बाईंनी विचारलं.

"समुद्रावर कशाला? ही चूक गच्चीची आहे. तिथे टाकी कुठे असणार?"

म्हणजे आता हा माणूस पास होणार. बोटीवर चढणार, बारा मिनिटं पुढचं घड्याळ हाताला बांधून, आणि तिथे ती दुरुस्तीही सोडून देणार. खडक पश्चिमेला असेल आणि हे पूर्वेला आहे म्हणून सांगतील, तेही छाती पुढे काढून. कप्तान म्हातारा, त्याला रात्री झोप लागतच असेल, आणि तेवढा वेळ बोट यांच्याच भरवशावर.

सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं काय? की अहो, तुमच्या घड्याळामागे जे कोरलंय ते माझं आहे? या माणसाकडे दुसरं होतं काय? बढती मिळाली नव्हती, मूलबाळ नव्हतं, गाता गळा नव्हता. एक वक्तशीरपणा होता, तो उराशी धरून त्यांनी तीस वर्षं काढली. बाईंनी गच्चीत कपडे वाळत घालताना, स्वयंपाक करताना, मशीन चालवताना हाच विचार केला, आणि शेवटी आपल्या स्वभावाप्रमाणे मधला मार्ग काढला. परीक्षेच्या दिवशी साहेब उठायच्या आत त्या स्टुलावर चढल्या आणि दिवाणखान्यातलं घड्याळ बारा मिनिटं मागे केलं; खाली उतरून साहेबांच्या उशाशी असलेलं मनगटी घड्याळ आणि मोबाईलही तेवढेच मागे केले. वेळ बरोबर आली, की उत्तर बरोबर येईल. साहेबांना वाटेल गच्ची सुधारली. ते गेले तरी निदान बरोबर घड्याळ घेऊन जातील. कुणाला काही कळायला नको.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कप्तान जेवायच्या आधी आला. बुटका माणूस, कानाने जरा कमी ऐकायचा. दुपारचा सूर्य झाला, साहेबांनी उत्तर-दक्षिण अचूक काढलं. मग दिवस कलेपर्यंत तिघं गच्चीत टाकीच्या सावलीला बसली. उन्हं उतरल्यावर साहेबांनी सेक्स्टंट डोळ्याला लावला, सूर्य क्षितिजावर टेकवला, वेळ टिपली आणि ऐटीत आकडेमोड केली. शेवटी, कप्तान बघत असताना, त्यांनी उत्तर तीन अंश पूर्वेला सरकवलं. कशासाठी सरकवतोय, हे तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ठिपका दिला आणि वर बघितलं.

कप्तानाने चष्मा लावून नकाशा पाहिला. "हे तर डोंगर आहेत," तो म्हणाला.

खरंच डोंगर होते. इतके दिवस पाण्यात बुडालेलं घर आता उलट्या बाजूने पार डोंगरावर चढून बसलं होतं. साहेबांनी आकडे पुन्हा तपासले. पुन्हा डोंगरच.

"मी तुम्हाला नेऊ शकत नाही," कप्तान शांतपणे म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांनाच जमतं असं नाही." आणि तो नकाशाची गुंडाळी करायला लागला.

साहेब टाकीच्या कट्ट्यावर बसले. वाद घातला नाही, टाकीला दोष दिला नाही, गच्चीला दिला नाही. त्यांनी सेक्स्टंट पेटीत ठेवला, झाकण लावलं, आणि ते नीट लागलंय ना म्हणून दोनदा बघितलं. बाईंना हवं होतं ते झालं होतं, अगदी फुकटात, आणि आता फक्त तोंड मिटून चहा टाकायचा होता. पण ते झाकण दोनदा बघणं त्यांना बघवलं नाही.

"अहो," बाई म्हणाल्या, "गच्चीत काही नाही. घड्याळ पुढे होतं. बारा मिनिटं. मीच ठेवायची. आज सकाळी बरोबर केलं."

"कधीपासून पुढे होतं?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या लग्नापासून."

कप्तानाने कानामागे हात धरला होता, तो खाली घेतला. त्याने गुंडाळी पुन्हा उघडली, साहेबांचं उत्तर घेतलं, त्यातून ती गच्चीची चूक काढून टाकली आणि नवा ठिपका दिला. ठिपका पडला मासळी बाजारात. घरापासून पायी जायच्या अंतरावर.

"नवशिक्याला हे घरच," कप्तान म्हणाला. "बोटीची तयारी ठेवा." आणि शहाणा माणूस असल्यामुळे चहाला न थांबता निघून गेला.

साहेबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, उलटं केलं आणि पाठीवरची अक्षरं वाचली, जणू काही ती पहिल्यांदाच दिसत होती.

"म्हणजे हे तुला द्यायला हवं होतं त्यांनी," ते म्हणाले.

"मला काय करायचंय?" बाई म्हणाल्या. "मला कुठे जायचंय?"

"ऑफिसात कुणाला माहीत होतं?"

"कुणालाही नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही मी."

साहेबांनी घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. मग म्हणाले, "यापुढे मला खरी वेळ सांगायची. जी असेल ती. शब्द दे." बाईंनी शब्द दिला. आणि त्यांनी टाकीचा नळ घट्ट करायला घेतला.

साहेबांनी त्याच दिवशी घरातलं एकूण एक घड्याळ बरोबर केलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. दातांच्या डॉक्टरकडे ते पोचले तर दुसरा पेशंट खुर्चीत. कप्तानाच्या वर्गाला पोचले तर बाकीचे खाली उतरत होते. ग्रंथालय बंद. चहा गार. वरातीमागून घोडं म्हणतात तसे साहेब सगळीकडे सगळ्यात शेवटी पोचायला लागले, हातात अचूक घड्याळ घेऊन. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. शब्द दिला होता ना.

निघायच्या आदल्या दिवशी साहेब केस कापायला गेले होते आणि अर्थातच अजून आले नव्हते. तेवढ्यात कप्तानाचा फोन आला. वारा चांगला आहे, उद्या सकाळी साडेसहाला सुटायचं. ओहोटी धरून बाहेर पडायचंय, त्यामुळे पाच मिनिटंसुद्धा थांबता येणार नाही. जो येईल तो येईल. "सांगाल ना त्यांना?" कप्तान म्हणाला.

"सांगते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून मशीनवर बसल्या. घडी घातलेलं ते जाड कापड त्यांनी उलगडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पट्टी बगलेत मारून आधीच धक्क्यावर जाऊन उभ्या होत्या. बोटीचे दोर अजून बांधलेले होते. कप्तान पाण्याचे कॅन मोजत होता. साहेब आले ते धापा टाकत, एका हातात सेक्स्टंटची पेटी, दुसऱ्या हातात मोजे. बोट जागेवर बघून ते थबकले. बंदराच्या बुरुजावरचं घड्याळ बघितलं, मग मनगटावरचं. दोन्ही एकच वेळ दाखवत होती, आणि साडेसहाला अजून थोडा अवकाश होता.

"तू सहा म्हणाली होतीस," साहेब म्हणाले.

"हो."

"शब्द दिला होतास."

बाईंनी पट्टी त्यांच्या खांद्यावर टाकली. "ही बिछान्याला बांधा. दोन्हीकडून गाठ मारा."

साहेब कापडाकडे बघत राहिले. दुहेरी शिवण होती, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावले होते. कप्तानाने पहिला दोर सोडला.

"खरी वेळ सांगितली असतीस," साहेब हळूच म्हणाले, "तर मी आज घरीच राहिलो असतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "चढा आता."